धर्मग्रंथांच्या जुन्या प्रती पारखताना या चुका टाळा

अमुक धर्मग्रंथ विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न बहुतेक वेळा अख्ख्या ग्रंथाला विचारला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक बाजू म्हणते, हजारो वर्षांत कानामात्रेचाही फरक पडलेला नाही. दुसरी म्हणते, नकला करता करता मूळ कधीच हरवलं. पोथ्या हाताळणारे अभ्यासक यातलं काहीच म्हणत नाहीत. ते एकेक जागा तपासतात: हा शब्द, ही ओळ कोणत्या प्रतींत आहे, त्या प्रती एकमेकींवरून उतरवलेल्या आहेत की स्वतंत्र, आणि फरक पडला असेल तर तो कसा पडला असावा. एकाच पानावर एक ओळ पक्की आणि तिच्याखालची डळमळीत असू शकते. खालच्या बहुतेक चुका एवढं विसरल्यामुळे होतात.

प्रती मोजून निकाल देणं

बायबलच्या ख्रिस्ती भागाची, म्हणजे नव्या कराराची, सुमारे ५,८०० ग्रीक हस्तलिखितं नोंदलेली आहेत. हा आकडा पुरावा म्हणून पुढे केला जातो तेव्हा दोन गोष्टी गाळल्या जातात. त्यात तळहाताएवढे तुकडेही धरलेले आहेत आणि बहुसंख्य प्रती नवव्या शतकानंतरच्या आहेत. चुकलेल्या एका प्रतीवरून शंभर नकला झाल्या तर साक्षीदार एकच राहतो. एकाच माणसाकडून ऐकलेली बातमी शंभर तोंडांनी आली म्हणून ती शंभरदा खरी ठरत नाही. त्यामुळे प्रती नुसत्या मोजायच्या नसतात, कोणती कोणावरून उतरली ते पाहून त्यांची घराणी लावायची असतात.

हे काम किती चिकाटीचं असतं ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक प्रती ताडून ठरवलेल्या आवृत्तीत, दिसतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णू सीताराम सुखटणकरांनी बहुमत घेतलं नाही. घेतलं असतं तर देवनागरी प्रतींनीच बाजी मारली असती, कारण सतराव्या शतकातल्या नीलकंठांच्या महाभारतावरच्या भाष्यामुळे त्यांचा पाठ, म्हणजे त्यांतली शब्दरचना, सर्वदूर पोचला होता. सुखटणकरांनी पाहिलं ते काश्मीरच्या शारदा लिपीतल्या आणि केरळच्या मल्याळम लिपीतल्या प्रतींकडे. देशाच्या दोन टोकांना, एकमेकींशी संपर्क नसताना, दोन परंपरा एकच शब्द देत असतील, तर तो शब्द फाटे फुटण्याआधीचा असणार.

या कसोटीवर लोकांना प्रिय असलेले काही प्रसंग मुख्य मजकुराबाहेर गेले. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा परिशिष्टात आहे. द्यूतसभेत द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोकही मुख्य संहितेत नाहीत; तिथे वस्त्रं आपोआप प्रकट होत राहतात. हे श्लोक फेकून दिलेले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे जपले आहेत, ही गोष्ट टीकाकार हमखास विसरतात. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर नेपाळमधली एक जुनी पोथी हाती आली आणि तिने सुखटणकरांच्या अनेक निवडींना दुजोरा दिला. आधी निष्कर्ष आणि मग नवा पुरावा, अशी पद्धतीची परीक्षा क्वचितच होते. तरीही हा व्यासांचा मूळ मजकूर आहे असा दावा सुखटणकरांनी केला नाही. हाती असलेल्या प्रतींवरून पोचता येईल तितकं जुनं रूप, एवढंच ते म्हणत.

सर्वांत जुनी प्रत तीच सर्वांत शुद्ध, असं धरून चालणं

१९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यातली बायबलमधल्या यशया या ग्रंथाची मोठी गुंडाळी ७.३४ मीटर लांब आहे, तिच्यात सगळे ६६ अध्याय आहेत आणि ती इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातली मानली जाते. संपूर्ण हिब्रू बायबलची सर्वांत जुनी प्रत, लेनिनग्राड कोडेक्स, इ.स. १००८ ची. म्हणजे एका झटक्यात अभ्यासक हजार वर्षांहून अधिक मागे गेले. ग्रंथ ओळखीचाच निघाला. फरक पुष्कळ होते, पण बरेचसे अक्षरलेखनाचे.

आता या गुंडाळीतल्या दोनच जागा पाहू. अध्याय ५३, ओवी ११ मध्ये तिच्यात 'प्रकाश' हा शब्द आहे. नंतरच्या प्रमाण हिब्रू पाठात तो नाही. कुमरानच्याच दुसऱ्या यशया-गुंडाळीत आणि प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र आहे. इथे जुन्या प्रतीचं पारडं जड आहे. अध्याय ४० मध्ये चित्र वेगळं आहे. 'गवत सुकते, फूल कोमेजते' हे शब्द तिथे दोनदा येतात. लेखनिकाने पहिल्यांदा ते लिहिले आणि मधला मजकूर सोडून तो थेट पुढे गेला; गाळलेला भाग नंतर दुसऱ्या कुणीतरी ओळींच्या वर आणि समासात बसवला. नजर एका जागेवरून तशाच दुसऱ्या जागेवर उडाली, असं सरळ उत्तर देता येतं. पण ग्रीक भाषांतरातही तो तुकडा नाही, त्यामुळे तो मुळात नव्हताच असं मानणारेही अभ्यासक आहेत. गुंडाळी एकच, लेखनिकाचा हात तोच, आणि दोन जागांचा न्याय दोन तऱ्हांनी करावा लागतो.

जुनी प्रत टिकणं हा पुष्कळदा हवामानाचा आणि रूढीचा भाग असतो. ज्यू परंपरेत झिजलेली पवित्र गुंडाळी टाकून देत नाहीत, बाजूला ठेवून पुरतात. सर्वांत जास्त वाचली गेलेली प्रत अशा रीतीने आधी नाहीशी होते. ताडपत्र दमट हवेत आणि कसरीपुढे फार टिकत नाही. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्या युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृती नोंदवहीत घेतल्या. त्यातल्या सर्वांत जुन्या पोथीवर इ.स. १४६४ चा काळ आहे. केवळ पोथीचं वय पाहणारा ऋग्वेदाला शेवटच्या बाकावर बसवेल, आणि तो साफ चुकलेला असेल.

तोंडी परंपरा म्हणजे कच्ची परंपरा, असं समजणं

ऋग्वेद कागदावर नव्हे, पाठांतराच्या रचनेवर टिकला. संहितापाठात शब्द संधी होऊन येतात. शाकल्य या प्राचीन आचार्याच्या पदपाठात ते सुटे केलेले आहेत. क्रमपाठात शब्द जोडीजोडीने पुढे सरकतात. त्यापुढे जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन या आठ विकृती, म्हणजे शब्द उलटसुलट गुंफून म्हणण्याच्या रीती. घनपाठात पहिल्या ऋचेचे पहिले तीन शब्द, संधी बाजूला ठेवून, असे म्हणतात: अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्, पुरोहितम् ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्. मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा तेच. एक शब्द निसटला किंवा मागेपुढे झाला तर पुढची साखळी जुळत नाही आणि शेजारी बसलेल्याच्या लगेच ध्यानात येतं. अर्थाच्या ओघात शब्द बदलण्याची माणसाची जी सवय, तिलाच इथे जागा ठेवलेली नाही, कारण उलट क्रमाने म्हटलेल्या शब्दांना ओघवता अर्थच उरत नाही. माझ्या मते मजकूर जपण्याची याहून कडक पद्धत प्राचीन जगात दुसरी नाही.

तरी इथेही जागा-जागा तपासावीच लागते. 'पावक' हा शब्द आज जसा म्हणतात तसा काही ऋचांच्या छंदात बसत नाही, 'पवाक' म्हटलं तर बसतो. म्हणजे पाठ पक्का होण्याआधी उच्चारात थोडी हालचाल झाली होती. सहा ऋचांना शाकल्याचा पदपाठ नाही, आणि 'त्र्यंबकं यजामहे' ही त्यातली एक. शाकल्यासमोर जी संहिता होती तिच्यात त्या नसाव्यात असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. पण एवढ्यावरून तो मंत्र अर्वाचीन ठरवायचा नाही, कारण तो यजुर्वेदातही आहे.

वेदांची ही शिस्त सगळ्या तोंडी परंपरांना चिकटवणं ही उलटी चूक. महाभारत सूतांनी श्रोत्यांपुढे सांगितलं. सांगताना खुलवणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. तोंडी परंपरा म्हटलं की आधी विचारावं, चूक पकडण्याची सोय कोणती होती?

पाठभेदांचा आकडा ऐकून घाबरणं

नव्या कराराच्या ग्रीक प्रतींतल्या पाठभेदांचा, म्हणजे प्रतीप्रतींतल्या शब्दांच्या फरकांचा, अंदाज चार ते पाच लाखांपर्यंत जातो. ऐकून धडकी भरते. पण पाठभेद दिसतात ते ताडून बघायला दुसरी प्रत असते म्हणून. ज्या ग्रंथाची एकच पोथी उरली आहे त्यात पाठभेद शून्य, आणि तपासायला आधारही शून्य.

फरक दिसला की आधी त्याची जात ओळखावी. देवनागरीत म आणि भ, घ आणि ध यांची गल्लत होते, ख चा 'रव' होतो. दोन ओळींची सुरुवात किंवा शेवट सारखा असला की मधली ओळ गळते. कुणी वाचून दाखवत असेल आणि लेखनिक लिहीत असेल तर सारख्या उच्चाराचे शब्द बदलतात. समासात लिहिलेली टीप पुढचा नक्कलकार मजकूर समजून आत घेतो. हे सगळे हाताचे, कानाचे, डोळ्यांचे दोष, आणि ते बहुधा दुरुस्त करता येतात. आपल्या पोथ्यांत गळलेल्या अक्षरासाठी काकपदाची खूण, चुकलेल्यावर हरताळाचा पिवळा लेप दिसतो. पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, कितीतरी लेखनिक लिहून ठेवतात, 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया': जसं दिसलं तसं लिहिलं, दोष मला देऊ नका. असा लेखनिक अभ्यासकाला फार मोलाचा असतो. त्रास देतो तो हुशार लेखनिक, ज्याला मजकूर सुधारायचा असतो.

म्हणूनच दोन पाठांपैकी वाचायला सोपा तो उचलणं धोक्याचं आहे. अवघड शब्द सोपा करण्याकडे माणसाचा कल असतो, सोपा अवघड करण्याकडे नसतो. बायबलमधल्या १ शमुवेल या ग्रंथात, १३:१ मध्ये, प्रमाण हिब्रू पाठ जसाच्या तसा वाचला तर राजा झाला तेव्हा शौल एक वर्षाचा होता असा अर्थ निघतो. वयाचा आकडा उघडच गळलेला आहे. तो भरून काढणं कुणालाही जमलं असतं, पण मसोरा परंपरेच्या, म्हणजे प्रमाण हिब्रू पाठ जपणाऱ्या, लेखनिकांनी ओळ तशीच पुढे दिली. एका चुकीच्या ओळीतून त्यांचा प्रामाणिकपणा जेवढा दिसतो तेवढा शंभर बरोबर ओळींतून दिसला नसता. अर्थात अवघड आणि निरर्थक यांत फरक आहे. शब्दाला अर्थच नसेल तर अवघड पाठाचा नियम त्याला लावू नये.

सगळ्या प्रती सारख्या आहेत म्हणून निर्धास्त होणं

ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० ची. जवळपास तीन शतकांत तिच्यात पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ ला, प्रती जमवून ती शुद्ध केली. नंतरच्या असंख्य पोथ्या एकनाथी पाठाच्या आहेत. त्यांचं एकमत एकनाथांच्या कामाचं यश दाखवतं. १२९० ते १५८४ या काळात काय घडलं ते त्या सांगू शकत नाहीत. त्यासाठी एकनाथपूर्व वळणाची प्रत शोधावी लागते, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या प्रतीवर म्हणूनच एवढी चर्चा झाली.

सातव्या शतकात खलिफा उस्मान यांच्या काळात कुराणाचा पाठ एकसारखा केला गेला. १९७२ मध्ये येमेनमधल्या साना इथे मशिदीच्या छतात जुनी पानं सापडली. त्यातल्या काहींवर आधीचा मजकूर पुसून वर दुसरा लिहिलेला आहे; तो पुसलेला खालचा मजकूर उस्मानी पाठाहून शब्दांत काही ठिकाणी वेगळा आहे. बायबलमधल्या यिर्मया या ग्रंथाचं तर कुमरानला एक लहान हिब्रू रूपही मिळालं, ग्रीक भाषांतराशी जुळणारं, प्रमाण पाठापेक्षा बरंच आखूड. म्हणजे एकेकाळी दोन्ही आवृत्त्या शेजारी नांदत होत्या. नव्या करारातल्या योहानच्या शुभवर्तमानातला, ७:५३ ते ८:११ हा, व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत नाही, आणि काही प्रतींत तो लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसलेला आहे. मजकूर असा जागा बदलत फिरताना दिसला की तो नंतर आल्याची शंका घ्यावी.

कार्बन चाचणीला लेखनाची तारीख समजणं

बर्मिंगहॅममधल्या कुराणाच्या दोन पानांचं चर्मपत्र चाचणीनुसार इ.स. ५६८ ते ६४५ दरम्यानचं आहे. ते ज्या जनावराचं कातडं त्याच्या मृत्यूचं वर्ष. शाई नंतर कधीही लागली असेल. खोट्या पोथ्या करणारे याचाच फायदा घेतात. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृत समुद्राचे म्हणून घेतलेले सोळाही तुकडे २०२० मध्ये बनावट ठरले. चामडं जुनं होतं, पण शाई त्याच्या जुन्या भेगांत उतरलेली होती.

नक्कल अचूक म्हणून मजकूर खरा, असं म्हणणं

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अचूक नक्कल एवढंच सांगते की लिहिणाऱ्याचे शब्द आपल्यापर्यंत पोचले. त्या शब्दांतली घटना घडली का, त्याला शिलालेख, उत्खनन, समकालीन नोंदी लागतात. आणि त्यातला उपदेश मानायचा की नाही, हे कुठलीही पोथी ठरवत नाही. उलट दिशेनेही तेच: एखादी ओळ प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेली, ठरली म्हणून तिच्यातला विचार हलका ठरत नाही.

एखाद्या ओळीवरून वाद पेटला असेल तर चिकित्सक आवृत्ती उघडा. भांडारकर आवृत्तीत ज्या शब्दांविषयी संपादकांना पुरती खात्री नाही त्यांच्याखाली नागमोडी रेघ आहे. ग्रीक नव्या कराराच्या अभ्यास आवृत्तीत खात्रीप्रमाणे ए पासून डी पर्यंत अक्षरं दिलेली असतात. आधी आपल्या ओळीला अशी खूण आहे का ते पाहा. मग तळटीपेत कोणत्या प्रती वेगळा पाठ देतात ते वाचा, आणि त्या एकाच घराण्यातल्या आहेत की दूरदूरच्या, ते प्रस्तावनेतल्या हस्तलिखितांच्या यादीशी ताडून बघा.