चेहऱ्याचा लालसरपणा घालवायला लेझर करताय? आधी या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या एका बँकेच्या काउंटरवर मी बावीस वर्षं बसतोय. चाळिशी उलटली आणि नाक-गाल लाल दिसायला लागले. पेन्शन घ्यायला येणाऱ्या एका आजोबांनी पासबुक सरकवता सरकवता विचारलं, "काय हो, रात्रीची अजून उतरली नाही वाटतं?" मागची रांग हसली. मी आयुष्यात सोलकढीपलीकडे काही प्यालेलो नाही, पण लाल नाकाच्या पुरुषाने हे कुणाला सांगायचं? त्याच आठवड्यात मी मोबाइलवर लेझर क्लिनिक शोधायला लागलो आणि पुढच्या दोन वर्षांत करता येण्यासारख्या जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्या. त्या इथे घडल्या त्या क्रमाने नाहीत, महाग पडल्या त्या क्रमाने देतो.

चेहरा लाल का झाला, हे न विचारता मशीन शोधणं

माझ्या बाबतीत अर्धा आरोपी बाथरूमच्या कपाटात होता. दाढीनंतर गालांची आग होते म्हणून मेडिकलवाल्याने कधीतरी एक ट्यूब दिली होती. लावली की तासाभरात गाल शांत. संपली की रिकामी ट्यूब दाखवायची, तो तशीच दुसरी काढून द्यायचा. असं सहा वर्षं चाललं. शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पोचलो त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "तोंडाला काय लावता?"

"काही नाही."

"दाढीनंतर?"

"एक साधी ट्यूब आहे, तेवढीच."

"उद्या घेऊन या."

ट्यूबवर मुंगीएवढ्या अक्षरांत क्लोबेटासोल लिहिलेलं होतं, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमध्ये क्लोबेटासोल सगळ्यात जहाल गटातलं. ते चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या पसरून वर दिसायला लागतात, आणि थांबवलं की चेहरा पेटतो. पेटला की माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. बायकांच्या बाबतीत हीच गोष्ट वांगासाठीच्या किंवा गोरं करणाऱ्या क्रीमने होते. अनेक क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड अशी तिहेरी भेळ असते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. ती अजून कशी मिळतात हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

अशा चेहऱ्यावर लगेच लेझर मारत नाहीत. आधी ट्यूब बंद, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माझा पहिला महिना वाईट गेला. चेहरा उकडलेल्या बिटासारखा, उशीचा अभ्रा लागला तरी चुरचुरायचा. मशीनचं नाव काढलं की बाई म्हणायच्या, "आधी कातडी जागेवर येऊ दे."

ट्यूबच्या खाली दडलेला मूळ आजार होता रोझेशिया. हा नाकाभोवती, गालांवर, कपाळाच्या मध्यावर येतो. आधी येऊन जाणारी लाली, मग कायमची, कधी पुरळ, कधी डोळ्यांची आग. ऊन, गरम चहा, तिखट, दारू, व्यायाम, चिडचिड यांतलं काहीही त्याला भडकायला पुरतं. गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, बऱ्याचदा नुसती आग आणि झोंबणं जाणवतं, म्हणून आपल्याकडे तो बऱ्याचदा 'पिंपल्स' किंवा 'ॲलर्जी' या नावाखाली खपून जातो.

पण लाल चेहरा म्हणजे रोझेशियाच असंही नाही. नाकाच्या बाजूच्या घडीत आणि भुवयांत खपल्या, डोक्यात कोंडा, तर तो सेबोऱ्हिक डर्माटायटिस असू शकतो. केसांना डाय किंवा काळी मेंदी लावल्यावर दोन दिवसांनी कपाळ-कान सुजले, तर ती डायची ॲलर्जी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चेहरा तापतो. आणि एक दुर्लक्ष न करण्याजोगा: दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा चट्टा, नाकाजवळची घडी मात्र कोरी, उन्हात गेलं की वाढतो, सोबत सांधे दुखतात, तोंडात फोड येतात. हा ल्यूपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार असू शकतो. तिथे रक्ततपासणी आधी लागते आणि लेझरचा विषय कितीतरी नंतर येतो. हे ओळखायला ससूनच्या त्वचा विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढूनही काम होतं. निदानासाठी झगमगीत रिसेप्शन लागत नाही.

आयपीएलला लेझर समजणं आणि उन्हाने रापलेल्या कातडीवर ते करणं

ही माझी दुसरी महागडी चूक. आयपीएल म्हणजे इन्टेन्स पल्स्ड लाइट, प्रखर प्रकाशाचे झोत मारणारं मशीन. ट्यूब आणि रोझेशिया यांतलं काहीही कळायच्या आधीची.

गणपती झाले होते. मी अजून ढोलपथकात वाजवतो. ऑगस्टपासून नदीपात्रात सराव, मग विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर भर दुपारी चार-पाच तास उघड्यावर. चेहरा आधी लाल, त्यावर रापलेला. तुळशीचं लग्न लागलं की भाच्याचं लग्न होतं, म्हणून ऑक्टोबरात मी एका क्लिनिकमध्ये जाऊन सहा सीटिंगचं पॅकेज घेतलं. "लेझरच आहे सर, लेटेस्ट." प्रत्यक्षात ते आयपीएल होतं. हँडपीस धरणाऱ्या मुलीने माझे घारे डोळे बघून "तुम्ही तर फेअर आहात" म्हणत सेटिंग वाढवलं. ना ट्रायल, ना औषधांची चौकशी. चौथ्या दिवशी दोन्ही गालांवर आगपेटीच्या काडी ओढायच्या बाजूएवढे तपकिरी पट्टे, एकाखाली एक, रूळ टाकल्यासारखे. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते आहेत. जायला होळी उजाडली.

असं का झालं हे मला नंतर समजलं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. १९८३ साली अमेरिकेत अँडरसन आणि पॅरिश या त्वचातज्ज्ञांनी एक तत्त्व मांडलं: ज्याला जाळायचं आहे तोच जी प्रकाशलहर शोषेल ती निवडा, आणि तिचा ठोका इतका छोटा ठेवा की उष्णता शेजारी पसरायच्या आत काम संपेल. लालीसाठी लक्ष्य असतं रक्तातलं हिमोग्लोबिन. प्रकाश ते शोषून तापतं, बारीक वाहिनीची भिंत भाजते, आणि शरीर ती हळूहळू मोडीत काढतं. गंमत अशी की आपल्या कातडीत रक्तापर्यंत पोचायच्या आधी मेलॅनिनचा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याचा टोलनाका लागतो. मेलॅनिनही तोच प्रकाश खातं. ते जितकं जास्त, तितकी वरची कातडीच भाजते आणि मग डाग पडतो. कातडीच्या रंगाची सहा गटांची फिट्झपॅट्रिक मोजणी डॉक्टर वापरतात, त्यात आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या गटात बसतो. माझ्यासारख्या घाऱ्या माणसाची कातडीसुद्धा रापल्यावर गडद गटातल्या कातडीसारखी वागते.

आता मशीनचं. (नॅनोमीटर हे प्रकाशलहरीच्या लांबीचं माप.) पल्स्ड डाय लेझरची लहर ५९५ नॅनोमीटरच्या आसपास एकच, बारीक लाल वाहिन्यांसाठी सगळ्यात मुरलेलं. केटीपी ५३२ नॅनोमीटरचं. ते मेलॅनिनला फार आवडतं, म्हणून गोऱ्या कातडीलाच बरं. लाँग पल्स्ड एनडी-याग १०६४ नॅनोमीटरचं. ते मेलॅनिनला बगल देऊन खोल जातं, म्हणून सावळ्या कातडीला आणि नाकाच्या कडेच्या जाड निळसर शिरांना सोयीचं. पण त्यात ऊर्जा जास्त लागते आणि हात जरा सुटला तर खड्डा पडू शकतो. आयपीएल हे लेझर नव्हेच. तो साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतच्या अनेक लहरींचा झोत, पुढे फिल्टर लावून गाळलेला. अनुभवी हातात, योग्य फिल्टर आणि गारव्यासकट तोही काम करतो. त्याची काच मात्र आयताकृती असते, म्हणून बिघडलं की पट्टे उमटतात.

पुरुषांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. आयपीएल आणि एनडी-याग ही केस घालवायचीही साधनं आहेत. दाढीच्या भागावर मारली तर दाढी ठिगळाठिगळांनी विरळ होऊ शकते. दाढी राखणाऱ्यांनी हे आधीच विचारावं. घरी वापरायचं केस काढायचं यंत्र लालीवर फिरवून बघू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण माझ्या मेव्हण्याने ते केलंय.

ट्रायल न घेता पॅकेज घेणं

पहिल्या सीटिंगला कातडी कशी वागते ते कळायच्या आत सहांचे पैसे भरू नका. मी भरले, आणि परत मिळवायला जे हेलपाटे घातले त्याचा हिशोब बँकवाल्यालाही लागला नाही. आधी कानासमोर छोट्या जागेवर चाचणी करून घ्यायची आणि साधारण चार आठवडे थांबायचं, कारण काळा डाग दर वेळी माझ्यासारखा लगेच येतो असं नाही, कधी दोन-चार आठवड्यांनीही उमटतो.

मशीन कोण चालवणार, सेटिंग कोण ठरवणार, हे स्पष्ट विचारा. डॉक्टरांची त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा अशी पात्रता आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी विचारण्यात उद्धटपणा नाही. आपण पुणेकर रिक्षाच्या मीटरबद्दल याहून जास्त चौकशी करतो. आणि मेडिक्लेमवर विसंबू नका. हे बहुधा कॉस्मेटिक म्हणून बाजूला पडतं.

डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी: पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे किंवा अलीकडे झालं, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू आहे, ओठावर वरचेवर जर (तापाच्या पुळ्या) उठतो, जखमेचे वण उंच वाढतात, गरोदर आहात, रक्त पातळ करायची गोळी आहे. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची मात्र नाही. जास्तीत जास्त काळंनिळं होईल, हृदयाशी खेळ नको.

मुहूर्त गाठायचा म्हणून करणं

पल्स्ड डाय लेझरने जोराचा ठोका दिला तर जांभळे डाग पडतात आणि आठ-पंधरा दिवस राहतात. सौम्य ठोक्यातही दोन-तीन दिवस सूज असते. सीटिंग तीन-चार तरी लागतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे लग्न मेमध्ये असेल तर मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही. पुण्यात मार्चपासूनच ऊन भाजायला लागतं आणि तुम्ही दुचाकीवर असता. मला विचाराल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, फक्त दिवाळीच्या सुट्टीत कोकणात समुद्रावर रापून आला नसाल तर. नवरा किंवा नवरी असाल तर हळद, उटणं, ब्लीच यांचंही गणित आधी मांडा. ताज्या लेझरवर यांतलं काहीच चालत नाही.

माझी पल्स्ड डाय लेझरची तीन सीटिंग डिसेंबर ते फेब्रुवारीत झाली. दाढी घोटून जायचं, नाहीतर खुंट जळल्याचा वास येतो. डोळ्यांवर धातूच्या वाट्या, गालावर आधी गार फवारा आणि लगेच ठोका. फोडणीतली मोहरी उडून गालावर बसावी तसा. वीस मिनिटांत बाहेर.

घरी आल्यावरचे उद्योग

आईने कोरफड कापून ठेवली होती, बायकोने बर्फ. दोन्ही चुकीचं. बर्फ थेट नाही, गार पाण्यात पिळलेलं फडकं. बागेतल्या कोरफडीचा पिवळा चीक ताज्या कातडीला झोंबू शकतो. दोन दिवस कढत पाण्याची आंघोळ, जिम, सिंहगड बंद. आठवडाभर रेटिनॉल, ग्लायकोलिकची क्रीम, स्क्रब बंद. उशी जरा उंच घेतली तर सकाळची सूज कमी. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, शक्यतो रंगछटा असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि आपल्याकडे डाग त्यानेही गडद होतात. पुण्याच्या मुलींचा तो डाकूछाप स्कार्फ ऊन अडवायला उत्तमच, पण सिंथेटिक कापडाखाली चेहरा तापला की रोझेशियाला मेजवानी. सुती घ्या, सैल बांधा, सिग्नलला सावली शोधा.

बिनसलं तर

फोड आला, कातडी करडी-पांढरी पडली किंवा दोन दिवसांनीही आग वाढतेच आहे: फोड फोडायचा नाही, घरातली ट्यूब लावायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. फोटो पाठवून भागवू नका, जा.

तपकिरी डाग उमटले तर पुढची सीटिंग थांबवा. ते बहुतेक वेळा काही महिन्यांत विरतात; घाईने त्यावर पुन्हा मशीन फिरवलं तर घट्ट बसतात.

दोन सीटिंगनंतर काहीच फरक नाही असं वाटलं तर आधी फोटो तपासा. रोज आरशात बघणाऱ्याला कळत नाही. मी दर रविवारी सकाळी चहाच्या आधी, बाल्कनीत, त्याच भिंतीसमोर फोटो काढायचो. बँकेच्या ट्यूबलाइटखाली सगळेच आजारी दिसतात. फोटोंतही फरक नसेल तर निदानावर पुन्हा बोला. पुरळ असेल तर ते लेझरचं कामच नव्हे, त्याला मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन, ॲझेलाइक ॲसिडसारखी मलमं किंवा गोळ्या लागतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत असेल तर नेत्रतज्ज्ञ गाठा.

आणि लाली परत आली तर फसवलं असं समजू नका. लेझर पसरलेल्या वाहिन्या मिटवतं, नव्या पसरण्याची प्रवृत्ती नाही. वर्ष-दीड वर्षाने एखादी सीटिंग लागू शकते. माझी कायमची लाली निम्म्याहून कमी झाली. तर्रीवाली मिसळ खाल्ली की गाल अजूनही पेटतात, ते अर्ध्या तासात उतरतात.

आजोबा अजून दर महिन्याला येतात. परवा चष्म्यावरून निरखून म्हणाले, "सोडलीत वाटतं. चांगलं केलंत." मी हो म्हणालो आणि पासबुक भरून दिलं.