आधी उजवा हात

घरी ॲक्रिलिकची नकली नखं घडवताना मी उजवा हात आधी करते. डाव्या हातात ब्रश वेडावाकडा चालतो, पण तेव्हा निदान धीर ताजा असतो. खिडकी उघडीच ठेवा, मोनोमरचा, म्हणजे पावडर भिजवायच्या लिक्विडचा, वास डोक्यात जातो.

नखाची चकाकी १८० ग्रिटच्या फाइलने हलकेच घालवा, ॲक्रिलिक धरून राहावं म्हणून प्रायमर लावा, टोकाखाली कागदी फॉर्म, म्हणजे नख पुढे वाढवायचा साचा, अडकवा. आधी पांढरी पावडर. लिक्विडमध्ये भिजवलेला ब्रश वाटीच्या कडेला निथळवून पावडरीत टेकवला की भिजल्या साबुदाण्याएवढा गोळा येतो. तो टोकावर दाबत पसरवा. मग ब्रश पुसून त्याच्याच धारेने चंद्रकोर कोरा. कोपरे क्युटिकलकडे, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीकडे, चढलेले, मध्य टोकाकडे. माझी करंगळी अजूनही तिरकीच होते. मागे गुलाबी गोळा, कातडीपासून केसभर लांब, नाहीतर तिथूनच सुटतं. ब्रशच्या दांड्याने टिचकी मारल्यावर 'टक्' वाजलं, म्हणजे घट्ट झालं, की फॉर्म काढून फाइल करा.