टेन्शन नाही म्हणता, मग मान का आखडते? ताणाबाबतच्या या चुका टाळा

"मला कसलं टेन्शन नाही हो, फक्त ॲसिडिटी आहे." असं म्हणणाऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये बहुतेक वेळा पोटाची गोळी, डोकेदुखीची गोळी आणि मानेचं मलम शेजारी शेजारी सापडतं. पहिली चूक इथेच होते: तिन्ही तक्रारींचा एकत्र विचारच होत नाही.

ताण आला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं (हार्मोन्स) सोडतात. ठोके वाढतात, यकृत रक्तात साखर सोडतं, स्नायू आवळतात आणि पचन मागे पडतं. शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की त्रास थंडीचा असो, जखमेचा असो वा विषाचा, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. त्या उंदरांच्या पोटात व्रणही झाले होते. बॉसचा मेसेज आला तरी हीच यंत्रणा जागी होते. एखाद्या वेळी काही बिघडत नाही. रोज, दिवसभर तेच चाललं तर मात्र झोप, रक्तदाब, पोट सगळ्यांवर परिणाम होतो. मधुमेह असलेल्यांची साखर अशा दिवसांत पथ्य पाळूनही वाढू शकते.

आत्ता हे वाचताना दातांवर दात दाबलेले आहेत का, खांदे कानांकडे चढलेत का, एवढं बघा. दिवसातून दोन-चारदा बघितलंत तर ताण नेमका कोणत्या कामाच्या वेळी येतो ते आपोआप कळायला लागतं.

दुसरी चूक म्हणजे सगळा आराम सुट्टीवर ढकलायचा. आठवडाभर ओढाताण आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोप, असं केलं की रात्री पुन्हा झोप येत नाही. मायग्रेनवाल्यांपैकी काहींचं तर ताण उतरल्यावर डोकं धरतं, हे अनेकांना माहीत नसतं. त्यापेक्षा रोज थोडं चालणं बरं.

मग कॉफी. तिच्यातलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनंतरही अंगात असू शकतं. संध्याकाळी तरतरीसाठी घेतलेला कप रात्री झोप उडवतो आणि सकाळी पुन्हा कप लागतो. 'रिलॅक्स' व्हायला दारू घेणाऱ्यांना डोळा लवकर लागतो खरा, पण पहाटेची झोप मोडते.

श्वासाचा व्यायाम करतानाही एक गडबड होते. "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की लोक छाती फुगवून भराभर श्वास ओढतात. त्याने उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. भर श्वास सोडण्यावर हवा. चार आकडे मोजत नाकाने हळू घ्या, सहा मोजत सोडा. पोट हलू द्या, खांदे नकोत. पाच मिनिटं पुरतात. पहिल्याच दिवशी फरक जाणवला नाही म्हणून सोडू नका.

आणि याच्या अगदी उलटी चूक, माझ्या मते सर्वांत महागात पडणारी: सगळ्याचं खापर ताणावर फोडणं. धडधड, थकवा, चिडचिड थायरॉइडमुळे किंवा रक्त कमी असल्यानेही होते, तेव्हा साधी रक्ततपासणी करून घ्यावी. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, धाप यांपैकी काही झालं तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडे काय, एक दिवसही थांबायचं नाही.