टाइप वनचं मूल आणि लो ओळखणारा कुत्रा: घरी कसं शिकवायचं

आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे घोळ नको, कुत्रा शुगर मोजत नाही. शुगर फार खाली गेली, म्हणजे लो झाला, की तो फक्त मागे लागतो, पंजा मारतो, झोपेतून उठवतो, आणि मोजायचं काम मीटरचंच. हे ज्याला पटत नाही त्याने कुत्रा आणू नये, अंगाला लावून सतत शुगर बघणाऱ्या सेन्सरवर पैसे घालावेत.

आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरात राहतो. लेक चिऊ आता ९ वर्षांची, सहाव्या वर्षी टाइप वन डायबिटीस निघाला. कुत्रा देशीच आहे, रंग अगदी जिरावनसारखा (पोह्यांवर घालतो तो मसाला) म्हणून नाव जीरू. लोक विचारतात की लॅब्राडोरच लागतो का, तर नाही हो. लॅब, गोल्डन जास्त दिसतात कारण ते खादाड असतात आणि माणसाला खूश करायला धडपडतात, पण हे दोन गुण ज्याच्यात आहेत आणि जो फटाक्याच्या आवाजाने पलंगाखाली जात नाही तो कुठलाही चालतो. पिल्लू निवडताना टॉवेलखाली पनीरचा तुकडा लपवा, जे नाकाने शोधत बसतं ते घ्या, जे तुमच्याकडे बघून कुंईकुंई करतं ते गोड असतं पण या कामाचं नसतं. आणि इंदूरच्या मे महिन्यात देशी कुत्र्याच्या आखूड केसांचं महत्त्व कळतं.

कुत्र्याला कळतं तरी काय? शुगर खाली जाते तेव्हा श्वासाचा आणि घामाचा वास बदलतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी टाइप वन असलेल्या ८ बायकांचा श्वास तपासला होता, त्यात लो असताना आयसोप्रीन नावाचा पदार्थ वाढलेला सापडला, तेव्हा कुत्रे बहुतेक तोच वास पकडत असावेत असा अंदाज निघाला. आपल्याला शिकवायला एवढं पुरे, वास आहे आणि तो डबीत भरता येतो.

आता सँपल. मूल ७० च्या खाली गेलं की ग्लुकोजचं पाणी तयार होतंय तेवढ्या ५ सेकंदात स्वच्छ कापसाने मान आणि कपाळ पुसायचं, कापूस छोट्या काचेच्या डबीत, वर चिठ्ठी, तारीख आणि आकडा, आणि डबी फ्रीजरमध्ये. कापूस चिमट्याने धरा नाहीतर कुत्रा तुमच्या हाताचा वास शिकेल. मूल पेंगुळलेलं असेल, डोळे फिरवत असेल तर सँपल गेलं खड्ड्यात, आधी ग्लुकोज. तोंडात कापूस ठेवून थुंकी घेतात काही जण, पण लो झालेल्या लहान मुलाच्या तोंडात कापूस मला नाही पटत.

तेवढीच सँपल शुगर चांगली असतानाची पण हवीत, १०० ते १४० मधली, तशाच डबीत, त्याच प्रकारच्या कापसावर. हे लोक करत नाहीत आणि मग कुत्रा "कापूस आला की पंजा" एवढंच शिकतो.

माझी फजिती सांगते. चिऊ रोज संध्याकाळी खाली खेळून आली की लो व्हायची, त्यामुळे माझ्या सगळ्या लोच्या डब्या संध्याकाळच्या, खेळून घामेजलेल्या. जीरू महाराज काय शिकले? खेळाचा घाम. दोन महिने मेहनत केली आणि एक दिवस वॉचमनचा मुलगा क्रिकेट खेळून पाण्याची बाटली भरायला आला तर हा त्याच्या गुडघ्यावर पंजे मारमारून आम्हाला सांगतोय की याची शुगर बघा! ते पोरगं घाबरून जिन्यावरून पळालं. मग सगळ्या डब्या फेकल्या आणि पहाटेच्या, शाळेतून आल्यानंतरच्या, जेवणाआधीच्या अशा वेगवेगळ्या वेळेच्या लोचे कापूस जमवले, आणि खेळून आल्यावर शुगर चांगली असेल तेव्हाचे पण.

शिकवणं सोपं आहे, फक्त कंटाळवाणं आहे. पंजा आधी वेगळा शिकवा, तुमच्या मांडीवर पंजा ठेवला की शाब्बास आणि तुकडा. (आमच्याकडे सासूबाईंमुळे अंडं चालत नाही म्हणून पनीर, तेही फक्त याच कामाला, एरवी नाही.) मग लोची डबी उघडून नाकाजवळ, हुंगली की शाब्बास, तुकडा. मग हुंगून पंजा मारला तरच तुकडा. मग दोन डब्या, एक लोची एक नॉर्मलची, मग चार. आणि इथे खरी परीक्षा अशी की डबी कुठे ठेवली हे तुम्हाला पण माहीत नको, कारण कुत्रा डबी कमी आणि तुमचं तोंड जास्त वाचतो. आमच्याकडे सासूबाई ठेवतात आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात, मी पंजा कुठे पडला ते ओरडून सांगते, त्या आतून "हो" किंवा "नाही" म्हणतात. मग डबी चिऊच्या खिशात, मग उशीखाली. दिवसातून दोनदा ५-५ मिनिटं, जास्त नाही, तो कंटाळला की तुम्ही हरलात. भरवसा वाटायला आम्हाला वर्ष लागलं.

खरा पंजा पडला की मीटर काढायचा, आकडा ७० च्या खाली असेल तरच पनीर. ८५ आला तर ओरडायचं नाही, नुसतं "बरं" म्हणायचं आणि १५ मिनिटांनी परत बघायचं, कारण कधीकधी शुगर उतरणीला असू शकते. सेन्सर लावला असेल तरी बोट टोचून बघा, सेन्सर कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजतो, तो रक्ताच्या ५-१० मिनिटं मागे असतो. मीटर सापडत नसेल आणि मूल घामाघूम, थरथरतंय, तर शोधत बसू नका, लो समजून ग्लुकोज द्या.

ग्लुकोज म्हणजे १५ ग्राम, साधारण ३ चमचे पावडर अर्धा कप पाण्यात, अगदी लहान मुलाला कमी, किती ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. १५ मिनिटांनी परत मोजा. जलेबी नाही! इंदुरात लो म्हटलं की शेजारीण जलेबीच घेऊन धावते, पण तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, बर्फी चॉकलेटचं पण तेच. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, डॉक्टरांनी ग्लुकागॉन (शुगर वर चढवणारं औषध) दिलं असेल तर ते आणि १०८. हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं, कुत्रा फोन लावत नाही.

रात्रीचं सांगते, हे लिहायला लाज वाटते तरी. जीरू छान काम करायला लागला म्हणून मी एकदा सेन्सरचा अलार्म बंद केला, रोज रोज झोपमोड होते म्हणून. त्या दिवशी रंगपंचमी होती, दिवसभर गेरच्या (राजवाड्यावरून जाणारी रंगांची मिरवणूक) ढोलांनी आणि डीजेने कुत्रा थकलेला (त्याला राजवाड्याकडे नेलं पण नव्हतं, कधीच नेऊ नका), रात्री मेल्यासारखा झोपला. मी अडीचला पाणी प्यायला उठले आणि सहज हात लावला तर चिऊची मान ओली. ५२. तेव्हापासून अलार्म बंद नाही. २०१९ मध्ये ब्रिस्टलच्या अभ्यासात शिकवलेले २७ कुत्रे बघितले होते, त्यांनी सरासरी ८३ टक्के लो पकडले, म्हणजे नीट शिकवलेल्यांचे पण राहतात, आणि कुत्र्या-कुत्र्यात फरक भरपूर. वही ठेवा. तारीख, पंजा, आकडा, आणि न सांगितलेले लो पण लिहा, कौतुकाच्या भरात तेच विसरतात.

हायसाठी, म्हणजे शुगर फार वर गेलेली ओळखायला, आम्ही त्याला शिकवलंच नाही. २५० च्या वर गेली की कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं आम्ल) बघतो, त्यात कुत्र्याचा संबंध नाही.

घरातल्या धोक्याच्या गोष्टी: शुगर फ्री च्युइंगम आणि गोळ्यांमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे, थोड्याशाने पण त्याची शुगर धाडकन पडते, आणि डायबिटीसच्या घरात नेमकं हेच पडलेलं असतं. मनुका, चॉकलेट पण नाही. इन्सुलिनची पेनं आणि सुया उंचावर. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून, आणि कचरा गाडीवाल्या भियाला घातक कचऱ्याच्या खान्यातच टाकायला द्यायच्या. लाइट गेली की इन्सुलिन ओल्या माठात ठेवतो, तिथेही जीरू नाक लावतो म्हणून माठावर परात.

बाहेर मात्र भ्रमात राहू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत टाइप वन नाही, त्यामुळे "हा कामाचा कुत्रा आहे" म्हणून हॉटेलवाला किंवा शाळा ऐकेलच असं नाही. शाळेत जीरू जात नाही, तिथे टीचरकडे ग्लुकोजची पुडी आणि आकड्यांचा कागद. ट्रेनमध्ये फर्स्ट एसीचा अख्खा कूपे मिळाला तर सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, म्हणून पुण्याला जाताना आम्ही त्याला माझ्या बहिणीकडे ठेवतो. रेबीजची सुई दरवर्षी, आणि फिरायला जाताना खिशात पिशवी, इंदूर आहे हे.

एक फायदा मात्र डोक्यात नव्हता. चिऊ बोट टोचून घ्यायला माझ्याशी रोज भांडायची, आता पंजा पडला की स्वतः मीटर काढते कारण आकडा आल्याशिवाय जीरूला पनीर नाही. परवा तो आला, हिने टोचलं, ७२. जीरू शेपूट हलवत बसलेला, मी नाही म्हटलं. तर म्हणे, "आई, स्ट्रिपवर रक्त जरा कमी पडलंय, परत करू का?"