दाराला कुत्र्याची झडप बसवताय? आधी रात्रीची फळी ठरवा

मे महिन्यातलं चंद्रपूरकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. पारा ४५ च्या वर, अंगणातली माती चटके देते आणि कुत्रं मागच्या दारावर नखं घासत बसतं. दार उघडलं की आत येतं, पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर जायला तयार. भुरी आणि शेरू, दोघांसाठी दिवसातून वीसदा उठून मी थकलो, तेव्हा दाराच्या खालच्या भागात त्यांच्यापुरती झडप करायची ठरवली. वाढईकाकाजींना बोलावलं. त्यांनी दार पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, खाली एवढं भोक पाडता तं मंग वरची कडी कायले लावता?"

त्यांचं खरं होतं. ताडोब्याच्या बफरला लागून असलेल्या आमच्यासारख्या गावात बिबट्या अंगणातलं कुत्रं उचलून नेतो. पावसाळ्यात मण्यार आणि परड, म्हणजे घोणस, जास्त करून रात्रीच फिरतात, आणि मण्यार तर माणसाच्या अंथरुणापर्यंत येते. दुधावर टपलेला बोका वेगळाच. झडप कुत्र्याला वाट देते तशी ती या सगळ्यांनाही देते. म्हणून भोक कुठे पाडायचं याच्या आधी ते रात्री बंद कसं होणार ते ठरवा.

आम्ही आतल्या बाजूला भोकाच्या दोन्ही कडांना सरकत्या खिडकीचं ॲल्युमिनियम चॅनल ठोकलं आणि त्यात वरून खाली सरकणारी १२ मिमी प्लायवूडची फळी बसवली. तिला खाली चिटकणी. दिवेलागणीला दोन्ही कुत्री आत, फळी खाली, चिटकणी बंद. फळी भोकापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठी हवी आणि जमिनीकडे फट राहता कामा नये. दाराची मोठी कडीही भोकातून हात घालून पोचणार नाही इतक्या उंचीवर घ्या.

आता माप. कुत्र्याला सरळ उभं करून तीन मापं घ्या: जमिनीपासून खांद्याची उंची, छातीची सर्वात जास्त रुंदी आणि जमिनीपासून पोटाची उंची. आमच्या भुरीची खांद्याची उंची २० इंच, छातीची रुंदी ७ इंच. भोकाची रुंदी छातीपेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवायची, म्हणून १० इंच घेतली. वरची कड खांद्यापेक्षा दोन इंच वर, म्हणजे २२ इंचांवर. खालची कड पोटापेक्षा थोडी खाली, आम्ही ७ इंचांवर धरली. घरात दोन कुत्री असतील तर वरची कड उंच कुत्र्यावरून आणि खालची बुटक्यावरून काढा. पिल्लू असेल तर त्याच्या मोठेपणीचा अंदाज घ्या. तोवर आत-बाहेर एकेक वीट ठेवली की भागतं.

मी चुकलो ते इथेच. मापं सगळी आतून घेतली. मागे सांदवाडीची, म्हणजे परसातली, जमीन घरातल्या फरशीपेक्षा ९ इंच खाली आहे हे ध्यानातच आलं नाही. आतून ७ इंचांवर असलेली कड बाहेरून १६ इंचांवर गेली. शेरू उडी मारून आत आला, भुरी मात्र बाहेरच उभी राहून भुंकत राहिली. शेवटी बाहेर विटांचे तीन थर रचून दोन फूट रुंदीचा ओटा केला. तेव्हा दोन्ही बाजूंनी मापा.

कापायचं काम सोपं आहे, पण दार कसलं आहे ते पाहून. फळ्यांच्या दारात मधली फळी कापायची. चौकटीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, नाहीतर दार कालांतराने लोंबतं. आमचं दार जुन्या सागवानाचं. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी आमच्या बल्लारपूरकडचं सागवान गेलं, आणि मी मात्र त्याच लाकडाला कुत्र्यासाठी भोक पाडत होतो. काकाजींनी चारही कोपऱ्यांना ड्रिलने छिद्रं केली, जिगसॉने रेषेवरून कापलं, कडा कानसीने गोल केल्या, पॉलिश पेपर मारला आणि कच्च्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं. तेल न दिलेली कड पहिल्याच पावसात फुगते. टिनाचं दार असेल तर पत्र्याची कापलेली धार आत दुमडून वर रबरी बीडिंग चढवाच. ती धार पोट चिरते. मातीच्या भिंतीत मात्र भोक पाडूच नका.

झडपेसाठी जाड टायर-ट्यूब बरेच जण सुचवतात. ती जड पडते आणि कुत्र्याला पलीकडचं दिसत नाही. २-३ मिमीचं पारदर्शक मऊ पीव्हीसी घ्या. वरून ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबून नटबोल्टने कसा. दोन्ही बाजूंना एक-एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि खाली दोन सूत मोकळं सोडा. खालच्या कडेला जुन्या फ्रिजच्या दाराच्या गॅस्केटमधली चुंबकाची पट्टी आणि समोर भोकाच्या खालच्या कडेवर लोखंडी पट्टी लावली की झडप आपोआप जागेवर येते. आणखी एक गोष्ट आमच्याकडे हमखास होते. पुढच्या खिडकीत कूलर लावला की आतली हवा बाहेर जायला वाट शोधते आणि झडप फडफडायला लागते. त्या आवाजाने कुत्रं जवळ येत नाही. कूलर चालू असताना मागची एखादी खिडकी उघडी ठेवा, फडफड थांबते.

आता शिकवणं. पहिले दोन दिवस झडप लावायचीच नाही, नुसतं भोक. एक जण आत, एक जण बाहेर, दोघांच्या हातात उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे. भाकरीच्या तुकड्याने आमची कुत्री हलली नाहीत, ती तर रोजचीच. कांद्याची उरलेली भाजी देऊ नका, कुत्र्याला कांदा बाधतो. नावाने हाक मारा, "चल" म्हणा, पलीकडे आलं की तुकडा. एका वेळी पाचच मिनिटं, दिवसातून तीनदा.

तिसऱ्या दिवशी झडप लावा, पण सुतळीने वर बांधून. मग रोज थोडी थोडी खाली सोडा. मधेच अडलं तर एक पायरी मागे या. ढकलायचं मात्र कधीच नाही, एकदा ढकललं की आठवडा गेला. भुरीचं डोकं आणि पुढचे पाय बाहेर, मागचा अर्धा भाग घरात, आणि झडप पाठीला टेकली की ती तशीच दगड होऊन उभी राहायची. मग मी झडप हाताने उचलून धरायचो आणि ती पुढे सरकली की हळूच तिच्या पाठीवर सोडायचो. चौथ्या दिवशी तिने पाठीवरच्या झडपेकडे लक्ष देणं सोडलं. चुंबकाच्या 'टक्' आवाजाला घाबरत असेल तर पट्टीवर कापडाची चिंधी चिकटवा. तिच्या अंथरुणाचं जुनं फडकं झडपेवर घासलं तर आपला वास येतो, तेही कामी येतं. शेरूला काही शिकवावं लागलं नाही, भुरी जाते पाहून तो दुसऱ्या दिवशी मागोमाग गेला.

कुत्रं आता मनाने बाहेर जाणार, म्हणून रेबीजची लस दरवर्षी द्यायची आणि संध्याकाळी आत आलं की कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहायचे. मादी असेल तर नसबंदी करून घ्या. आमच्या भुरीची व्हायची होती आणि ती माजावर आली, त्या सकाळी स्वयंपाकघरात गावातले तीन अनोळखी कुत्रे उभे होते. तिन्ही त्याच झडपेतून आलेले, विटांच्या ओट्यावरून, अगदी सवयीने.