अमेरिकेत जेवायला बसण्याआधी: टिपचा हिशेब

अमेरिकेत नवीन आलात की रेस्टॉरंटच्या बिलाखालची टिपची रिकामी ओळ बघून हात अडखळतो. तिथे काय लिहायचं ते ठरवण्याआधी वाढणाऱ्याचा पगार जाणून घ्या. केंद्रीय कायद्याने किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं. बाकीचे टिपमधून सुटावेत, नाही सुटले तर फरक मालकाने भरावा. २.१३ चा हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. टेक्सासमध्ये आजही तोच लागू आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन अशा काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, पण टिपची पद्धत तिथेही आहेच.

माझ्या पहिल्या वर्षी आम्ही आठ जण एका टेबलावर तीन तास गप्पा मारत बसलो आणि पाच डॉलर ठेवून निघालो. पुढे वेट्रेसचं काम करणारी एक मैत्रीण झाली, तिच्याकडून कळलं की कित्येक ठिकाणी वाढणाऱ्याला टेबलं आवरणाऱ्यांना आणि बारवाल्याला विक्रीच्या प्रमाणात वाटा द्यावा लागतो. म्हणजे आमच्या टेबलाचा वाटा त्या दिवशी आम्हाला वाढणाऱ्या मुलीने बहुधा स्वतःच्या कमाईतून भरला असणार. ते मला अजून सलतं.

तेव्हा बसून जेवलात तर कर धरण्याआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के द्या. कूपन वापरलंत तरी टिप मूळ रकमेवर काढा. मोठा ग्रुप असेल तर बिलात ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे टिपच, आधीच लावलेली असू शकते, ती बघा, नाहीतर दोनदा द्याल. कार्ड परत आलं की पावतीवर टिप आणि एकूण रक्कम, दोन्ही लिहून सही करा.

काउंटरवर कॉफी घेताना टॅबलेट फिरवून टिप विचारतात. तिथे ‘नो टिप’ दाबायला संकोच नको. पार्सलचंही तसंच.

पदार्थ बिघडला असेल तर मॅनेजरला सांगा. स्वयंपाकघरातल्या चुकीसाठी वाढणाऱ्याचे पैसे कापणं मला तरी पटत नाही.

आई-बाबा भेटीला आले की डॉलरचे रुपये करून ‘एवढी टिप कशाला?’ म्हणतील. त्यांना बिल आल्यावर नको, मेन्यू बघतानाच सांगा की किमतीत कर आणि टिप मिळून साधारण पाव हिस्सा वाढणार आहे. तेवढा झेपत नसेल तर त्या दिवशी पार्सल आणून घरीच जेवा.