रेषा दिसत नाही, पण नातं असतं

नव्या नोकरीत मोठा डेटाबेस हाती आला की सगळे आधी टेबलांमधल्या नात्यांचा डायग्रॅम काढतात. मीही पहिल्याच आठवड्यात मायएसक्यूएल डेटाबेसच्या वर्कबेंच या टूलमध्ये रिव्हर्स इंजिनिअर केलं, म्हणजे तयार डेटाबेसवरून डायग्रॅम काढून घेतला. सगळी टेबलं पडद्यावर आली, कावळ्याच्या पायासारख्या रेषांनी जोडलेली. पेमेंटचं टेबल मात्र कोपऱ्यात सुटं होतं, त्याला एकही रेषा नव्हती. ते वापरात नसेल असं मी धरून चाललो आणि ऑर्डरच्या टेबलातल्या जुन्या नोंदी उडवल्या. दोन दिवसांनी हिशेब जुळेना. पेमेंट होती, त्यांच्या ऑर्डरी नव्हत्या. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण ती रात्र आठवली की आजही पोटात गोळा येतो.

हे नीट समजून घ्या. टूल तुमचा कोड वाचत नाही. डेटाबेसमध्ये जाहीर केलेली फॉरेन की (या कॉलममधली किंमत त्या टेबलात असलीच पाहिजे, असा नियम) असेल तरच ते रेषा काढतं. पेमेंटमध्ये ऑर्डर आयडीचा कॉलम होता, कोड रोज त्याच्यावरून दोन्ही टेबलं जोडत, म्हणजे जॉईन करत होता, पण फॉरेन की नव्हती. गंमत नाही, टेबल बनवणाऱ्या क्रिएट स्क्रिप्टमध्ये ती लिहिलेली होती! टेबल मायआयसॅम इंजिनवर (इंजिन म्हणजे टेबलातला डेटा साठवणारा मायएसक्यूएलचा भाग) होतं आणि ते इंजिन फॉरेन की वाचतं, पण एररही न देता सोडून देतं. फॉरेन की पाळणारं इनोडीबी इंजिन डिफॉल्ट झालं ते मायएसक्यूएलच्या 5.5 आवृत्तीपासून. म्हणून जुना डेटाबेस असेल तर स्क्रिप्टवर विसंबू नका, शो क्रिएट टेबल ही कमांड चालवून प्रत्यक्षात काय आहे ते बघा.

स्कीमास्पाय हे डायग्रॅम काढणारं टूल कॉलमच्या नावांवरून न जाहीर केलेली नातीही सुचवतं. उपयोगी आहे, पण तो अंदाजच. डीबीव्हर या डेटाबेस हाताळायच्या टूलमध्ये व्हर्च्युअल की जोडून रेषा दाखवता येते, मात्र ती डीबीव्हरपुरतीच. डेटाबेस तिच्या जोरावर काहीही अडवत नाही.

माझं ठाम मत: सीनियरकडून तयार डायग्रॅम मागू नका. महत्त्वाची दहा टेबलं निवडा, कोडमधले जॉईन शोधा आणि कागदावर स्वतः रेषा ओढा. तयार चित्र हातात ठेवणाऱ्यापेक्षा ‘ही रेषा इथे का?’ असं विचारणारा सीनियर मिळाला तर त्याला सोडू नका. मग तेच मर्मेडमध्ये किंवा डीबीएमएलमध्ये (डायग्रॅम मजकुराच्या रूपात लिहायच्या पद्धती) लिहून कोडशेजारी ठेवा. स्क्रीनशॉट महिन्याभरात शिळा होतो.

पहिले काही आठवडे डोक्यात काहीच बसणार नाही. घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं. फक्त नोंदी उडवण्याआधी संशय असलेल्या दोन टेबलांवर लेफ्ट जॉईन (जोडीदार नसला तरी पहिल्या टेबलाच्या सगळ्या ओळी दाखवणारा जॉईन; पेमेंटसारखं आयडी धरून ठेवणारं टेबल पहिलं) लावा आणि जोडीदार नसलेल्या किती ओळी निघतात ते मोजा. शून्य आल्या तर टीमला विचारून फॉरेन की घाला. ओळी निघाल्या तर फॉरेन की घालताच येणार नाही. आधी त्या कुठून आल्या ते शोधावं लागेल. आमच्या पेमेंटच्या टेबलाचं इंजिन बदलून, अशा ओळी एकेक करून निस्तरल्यावरच त्याला रेषा आली.